फुलांच्या टॉनिकवरचा खर्च फळात उतरतो का?

अंबडकर (मोसंबी, ता. अंबड)

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. फुलं वाढवायची म्हणून बाटलीतून जे विकलं जातं, म्हणजे समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्लं, कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातली ह्युमिक-फुल्विक आम्लं आणि हल्ली लेबलवर ठळक अक्षरात ‘जैव उत्तेजक’, त्यावरचा आपल्या भागातला बराचसा खर्च पाण्यात जातो. माल बनावट असतो म्हणून म्हणत नाही. त्यावर बोलणारे इथं पुष्कळ आहेत. मी चांगल्या मालाबद्दलच बोलतोय.

मोसंबीचंच घ्या. भरात आलेल्या झाडावर फुलं हजारांनी मोजावी लागतात, आणि त्यातली शेकडा एक-दोन तोडणीपर्यंत टिकली तरी झाड वाकतं. जालन्याचं पाणी वाईट म्हणून असं होत नाही, मोसंबी-संत्र्याचं सगळ्या जगात असंच आहे. तुरीची शंभरातली ऐंशी-नव्वद फुलं शेंग न धरताच खाली येतात, तरी आपण पीक बरं आलं म्हणतो. कपाशीची निम्म्याहून जास्त पाती-बोंडं गळतात. मग फुलांचा तुटवडा आहे कुठं? झाडाला जेवढी पोसता येतील तेवढी फळं ते ठेवतं, बाकीची सोडून देतं. फुलं दुप्पट केली तर सडा दुप्पट पडेल, एवढंच.

उलट मोसंबीत फार फूल हे वाईट लक्षण असू शकतं. बिनपानाच्या काडीवर नुसता पांढरा फुलोरा येतो, त्याची सेटिंग (फळधारणा) कमी होते. नव्या पानासोबत निघालेलं फूल जास्त टिकतं, कारण त्याला पोसणारं पान शेजारीच असतं. पण बाग पांढरीशुभ्र दिसली की आपण फोटो काढून ग्रुपवर टाकतो, आणि टॉनिकवाला तोच फोटो पुढच्या गावात दाखवतो.

दुसरी गोष्ट वेळेची. आंबिया बहराचं फूल जानेवारी-फेब्रुवारीत दिसतं, पण कोणता डोळा फुलाचा आणि कोणता पालवीचा हे त्याआधीच्या ताणात आणि थंडीत ठरून गेलेलं असतं. पाणी तोडलं की वाढ थांबते, काडीत अन्नसाठा होतो, तिथं बहराचा पाया पडतो. हलक्या रानात ताण लवकर बसतो, भारी काळ्या रानात वेळ लागतो, आणि मधेच अवकाळी आला तर सगळं मुसळ केरात. त्यात बिघडलं तर कळी फुगताना केलेली फवारणी काय दुरुस्त करणार? सोयाबीन आणि तूर तर दिवस लहान होऊ लागले की फुलणारी पिकं. त्यांना फूल कधी आणायचं हे बाटली ठरवत नाही.

त्या पैशात शेणखत, माती परीक्षण आणि शेततळ्यातलं एक जादा पाणी बसवा, असं माझं म्हणणं. पटत नसेल तर का पटत नाही ते सांगा. “आम्हाला रिझल्ट आला” एवढं चालणार नाही.

औसेकर (सोयाबीन-तूर)

दादा, तुम्ही चालणार नाही म्हणलात तरी मी तेच म्हणणार, रिझल्ट येतोय. सोयाबीन कळीला यायच्या आधी अमिनो मारलं की आठ दिवसांत रान काळंभोर होतंय. लोक बांधावर गाडी थांबवून विचारायलेत काय मारलं म्हणून. ते सगळे खुळे हायेत का?

अंबडकर

काळंभोर होतं, मान्य. अमिनोत नत्र असतं, आणि कित्येक बाटल्यांत जस्त-लोहही घातलेलं असतं. आपली रानं चुनखडीची, सामू (पीएच) आठाच्या आसपास किंवा वर. लोह-जस्त मातीत असूनही पिकाला लागू होत नाही. अशा पिकाला पानातून थोडं जस्त मिळालं की ते हिरवं होणारच. ते काम झिंक सल्फेट कितीतरी स्वस्तात करतं.

आणि सोयाबीन हिरवंगार होऊन कमरेला लागलं म्हणजे शेंगा जास्त, असं कुणी सांगितलं? तुमच्याच लातूर भागात मग ती वाढ रोखायला दुसरं औषध फवारतात. आधी वाढवायचं, मग दाबायचं, आणि दोन्ही बिलं आपलीच. शेजारी न फवारलेल्या ओळी ठेवल्या होत्या का कधी?

औसेकर

न फवारलेल्या ओळी ठेवायला रान माझं हाय, विद्यापीठाचं न्हाई. पण वाढ दाबायच्या औषधाचं बोललात ते बाकी खरंय.

पाथरीचा पदवीधर

मी कृषी पदवीधर आहे आणि जैव उत्तेजक बनवणाऱ्या कंपनीसाठी परभणी-हिंगोलीत फिरतो. पगार तिथून येतो हे आताच सांगतो, नंतर कुणाला शोधून काढायला नको.

अंबडकर काकांची मांडणी चांगली आहे, पण त्यात एक गोष्ट धरून चालले आहेत. झाड कुवतीप्रमाणे फळं ठेवतं, इथपर्यंत बरोबर. पण ती कुवत बदलत नाही असं ते समजतात. जैव उत्तेजकाचं काम तिथंच आहे. युरोपच्या २०१९ च्या खत नियमावलीत व्याख्या अशी आहे की हे पदार्थ स्वतःमधल्या अन्नद्रव्यांमुळे नव्हे, तर पिकाच्या पोषणक्रियेला चालना देऊन काम करतात, आणि ते चार गोष्टींसाठी: अन्नद्रव्यांचा चांगला वापर, उष्णता-पाणीटंचाईसारखा ताण सोसणं, मालाची प्रत, आणि मातीत अडकून बसलेली अन्नद्रव्यं मोकळी करणं. फुलांची संख्या वाढवणं त्या यादीत नाही. “फुलांचा पाऊस” हे पोस्टर छापणाऱ्यांचं पाप, ते शेवाळाच्या अर्काच्या माथी मारू नका.

आता फूल का गळतं? ऊन वाढलं, मुळाला पाणी कमी पडलं की पानाची रंध्रं मिटतात, साखर बनणं मंदावतं. झाडात ॲब्सिसिक आम्ल आणि इथिलीन ही संप्रेरकं वाढतात, देठाशी तुटण्याचा थर तयार होतो, आणि ज्या फुलाकडं सगळ्यात कमी साखर जाते ते आधी सुटतं. म्हणजे गळ ही ठरलेली नशिबाची गोष्ट नाही. ताणाच्या त्या आठ-दहा दिवसांत झाड किती टिकाव धरतं त्यावर ती कमी-जास्त होते. शेवाळाच्या अर्कात बीटेनसारखी द्रव्यं असतात, काही शर्करा असतात, संप्रेरकंही अगदी अल्प प्रमाणात असतात. ताण येण्याआधी ते दिलं तर झाडाची बचावाची यंत्रणा अगोदरच चालू होते. ताण बसल्यावर दिलं तर फारसं काही होत नाही, हे मी शेतकऱ्यांना तोंडावर सांगतो, आणि त्यामुळे माझी विक्री कमी होते हा भाग वेगळा.

पुराव्याचं म्हणाल तर २०२२ मध्ये बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी शेतावरच्या चाचण्यांचे १८० अभ्यास एकत्र करून हिशेब केला. उत्पादनातली सरासरी वाढ १७.९ टक्के निघाली. जास्त फायदा कुठं दिसला? कोरड्या हवामानात, सेंद्रिय पदार्थ कमी असलेल्या, खारवट, अन्नद्रव्यं अपुरी असलेल्या आणि सामू उदासीन नसलेल्या जमिनीत. हे वर्णन वाचून तुमच्या डोळ्यासमोर कोणता मुलूख येतो?

अंबडकर

मुलूख डोळ्यासमोर आला, पण यादीतली वाळूची जमीन तुम्ही गाळलीत. तीही त्याच निष्कर्षात आहे, आणि आमचं रान वाळूचं नाही, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारं चिकण रान आहे. दुसरं, त्याच अभ्यासात सगळ्यात जास्त फायदा भाजीपाल्याला दिसला, आणि पानावर फवारण्यापेक्षा जमिनीतून दिलेलं सरस ठरलं. आपल्याकडं विकतात काय? फुलोऱ्यात पंपाला चाळीस मिली फवारा म्हणून.

तिसरं, ज्यांना काहीच फरक दिसला नाही अशा किती चाचण्या छापून येतात? कंपनीनं केलेल्या दहा चाचण्यांतल्या आठ फसल्या तर तुम्ही आम्हाला आठ दाखवता की दोन?

पाथरीचा पदवीधर

दोन दाखवतो. कोणताही विक्रेता दोनच दाखवेल. पण न छापलेल्या चाचण्यांमुळे आकडा फुगलेला असेल, यावरून तो शून्य आहे असं होत नाही. १७.९ चे ७ धरा. सोयाबीनला ७ टक्के म्हणजे बाटलीचे पैसे निघून वर उरतात, भाव पडलेला असला तरी.

वाळूबद्दल म्हणाल तर सगळा मराठवाडा गोदाकाठचा नाही. बालाघाटावर, आष्टी-पाटोद्याकडं टीचभर मातीखाली मुरूम लागतो. पाणी धरायच्या बाबतीत ते रान वाळूच्याच भावकीतलं.

आणि जमिनीतून द्यायचं म्हणता तर द्या की! मोसंबीला ताण तोडताना पहिल्या पाण्यासोबत ठिबकमधून ह्युमिक सोडा. पांढरी मुळी सुटायची तीच वेळ असते. मुळी चालली तर जस्त-लोह उचललं जाईल, पालवी चांगली येईल, आणि तुम्हीच म्हणता तसं पानासोबतचं फूल टिकेल. म्हणजे तुमच्याच मुद्द्यावरून माझं उत्पादन विकलं जातं.

अंबडकर

शेणखतानं हेच होतं. एवढं बोलून थांबतो.

पाथरीचा पदवीधर

शेणखत आहे कुठं, काका? गोठ्यात जनावरं किती राहिली? गाडीचा भाव विचारा एकदा.

बालाघाटावरची (सीताफळ, ता. धारूर)

दोघंही भाऊ लई शिकलेलं बोलायलेत. पण आमच्या फळाचं गणित ह्या दोन्हीत बसत नाही, म्हणून लिहिते.

सीताफळाच्या फुलात आधी बाईचा भाग तयार होतो आणि नंतर पराग सुटतो. पराग सुटेपर्यंत त्याच फुलातला तो चिकट भाग वाळून गेलेला असतो. म्हणजे फूल आपलं आपण फळ धरत नाही म्हटलं तरी चालेल. एका फुलातला पराग दुसऱ्या फुलात न्यावा लागतो, आणि ते काम बारके भुंगेरे करतात, फुलाच्या पाकळ्यांत शिरून बसणारे. मधमाशीचा तिथं फारसा उपयोग नाही. उन्हाळ्यातलं फूल तर बहुतेक वाया जातं, कोरड्या हवेत पराग जगत नाही. पाऊस पडून हवा ओली झाली की मग सेटिंग होते.

मागं आमच्याकडं एकजण आला, म्हणाला ताई, हे मारा, फांदीभर फुलं लागतील. म्हटलं भाऊ, फुलं आत्ताही लागलेलीच हायेत, पराग कोण नेणार ते सांग. त्यानं बाटली पिशवीत घातली.

परागीभवन अर्धवट झालं तर फळ लागतं पण वाकडं, एका अंगाला डोळे नसलेलं. तसल्या फळाला बाजारात कुणी विचारत नाही, मग बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन असो नाहीतर नसो. ज्यांच्याकडं झाडं थोडी हायेत त्यांनी ब्रशनं पराग लावून बघावा, सकाळच्या पहरी. सगळ्या झाडाला न्हाई जमत. खालच्या जाड फांद्यांवरच्या फुलांना लावलं तरी पुरे, तिथलंच फळ मोठं होतं.

आणि टॉनिकमधे कीटकनाशक मिसळून एकाच पंपात मारायची जी सवय लागलीय, त्यानं ते भुंगेरेच मरतात. फुलं वाढवायला गेलो आणि फळं धरणारा मारून आलो. टरबूज-खरबूजवाल्यांनी तर हे कोरून ठेवावं, त्यांच्याकडं मधमाशीशिवाय एक फळ धरत नाही.

औसेकर

अक्का, मजुरी परवडते का ब्रशची?

बालाघाटावरची

घरची माणसं करतात. मजूर लावून नाही परवडत, खोटं कशाला बोलू.

द्राक्षबाग (ता. तुळजापूर)

सीताफळवाल्या ताईंचं लिहिणं वाचून बरं वाटलं. आता माझं. वरचे दोघं बाटलीत जे लिहिलंय तेच बाटलीत आहे असं समजून भांडायलेत. माझा भरवसा तिथंच नाही.

“शंभर टक्के सेंद्रिय” लिहिलेलं औषध चार दिवसांत रंग दाखवत असेल तर मला आनंद होत नाही, शंका येते. शेवाळ-ह्युमिकचा परिणाम एवढा झटपट नसतो. आत संजीवक, म्हणजे संप्रेरकासारखं झाडाची वाढ कमी-जास्त करणारं रसायन, मिसळलेलं असू शकतं. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाटचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले, ते द्राक्षवाला विसरलेला नाही. ते वाढ रोखायचं संजीवक होतं. नंतर अंश तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत झोप लागत नव्हती लोकांना. आता विचार करा, जे तुम्ही फवारलंच नाही ते बाटलीतून नकळत गेलं, तर अहवालात ते तुमच्या नावावर येणार, बाटलीच्या नाही.

वेळेबद्दल अंबडकर बोलले ते द्राक्षाला सोळा आणे लागू आहे. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर काडीत घड ठरतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तो फक्त बाहेर निघतो. त्या वेळी डोळ्यात घडच नसेल तर कुठलंही औषध तो आणू शकत नाही. तरी घड जिरला, म्हणजे निघालाच नाही, की दुकानात गर्दी होते.

आणखी एक, मोसंबी-आंबावाल्यांसाठी. जिबरेलिन या वाढीच्या संजीवकामुळे फूल वाढतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ऐका: कळी ठरायच्या दिवसांत मोसंबीवर जिबरेलिन गेलं तर फूल कमी होतं. आंब्याला पॅक्लोब्युट्राझोल का देतात? ते झाडात जिबरेलिन तयार होणंच अडवतं, म्हणून वाढ थांबून मोहोर येतो. आता तुमच्या “फूलवर्धक” बाटलीत गुपचूप जिबरेलिन असेल आणि तुम्ही ते ताणाच्या काळात मारलं, तर पैसे देऊन फूल कमी करून घेतलं.

अंबडकर

हे महत्त्वाचं आहे. फळगळीला नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची जी शिफारस आहे, शंभर लिटर पाण्यात दीड ग्रॅम जिबरेलिक आम्ल किंवा तेवढंच टू-फोर-डी (एरवी तणनाशक म्हणून वापरतात ते) आणि सोबत एक किलो युरिया, ती फळ धरल्यानंतरची आहे. लोक तीच कळीच्या आधी मारतात. काय, किती आणि कधी, यातलं “कधी” कुणी विचारतच नाही.

बदनापूरचा कापूसवाला

टू-फोर-डी मारताना शेजारी कपाशी आहे का ते बघत चला मालक. वारं आलं की आमच्या कपाशीची पानं भेंडीवानी होतात आणि मग बांधावरून भांडणं. पंपही तोच कपाशीला वापरू नका.

कृषी सेवा केंद्र, लातूर

एवढा वेळ वाचत होतो. दुकानदाराला चोर ठरवून झालं असेल तर दोन शब्द आमचेही.

कायदा काय म्हणतो ते आधी. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्रानं खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून जैव उत्तेजक पहिल्यांदा कायद्याखाली आणले. त्याआधी हा माल ना खत, ना कीटकनाशक, कुणाच्याच ताब्यात नव्हता. आता प्रकार ठरलेले आहेत: वनस्पती व शेवाळ अर्क, अमिनो आम्लं, ह्युमिक-फुल्विक, जीवनसत्त्वं वगैरे. त्यात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.०१ भाग) वर चालत नाही. संजीवकं कीटकनाशक कायद्यात येतात, म्हणजे द्राक्षवाले म्हणतात तशी भेसळ सापडली तर ती सरळ गुन्हा आहे. तात्पुरत्या नोंदणीवर बरीच वर्षं माल चालला, ती मुदत जून २०२५ मध्ये संपली. पुढच्याच महिन्यात कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी स्वतः सांगितलं की पूर्वी सुमारे ३० हजार उत्पादनं बिनतपासणी विकली जात होती, नंतर ८ हजारांपर्यंत आली आणि आता साडेसहाशेच्या आसपास उरलीत. म्हणजे झाडणी झालीय. जे उरलंय ते पूर्वीपेक्षा बरं आहे, हे तरी मान्य करा.

दुसरं, लिंकिंग. युरिया-डीएपीसोबत टॉनिक गळ्यात मारतो म्हणून शिव्या आम्हाला बसतात. वरून आमच्याही गळ्यात मारलं जातं. डीएपीची गाडी पाहिजे तर ह्या पेट्या घ्या, नाहीतर गाडी पुढच्या गावाला. मंत्र्यांनी राज्यांना पत्र लिहिलं, असं जबरदस्तीनं विकणं बंद करा म्हणून. पत्र आम्हीही वाचलं.

तिसरं, मी स्वतः शेवाळाचा अर्क माझ्या रानात वापरतो. विकायचा माल घरात वापरणारे किती दुकानदार आहेत ते विचारा.

अंबडकर

तुमच्या लिंकिंगच्या पेट्या शेवटी ज्याच्या गळ्यात पडतात तो मी. तुम्ही मधले.

साडेसहाशे उरले हे चांगलंच आहे. पण नोंदणी म्हणजे माल लेबलप्रमाणे आहे याची हमी. माझ्या मोसंबीत खर्चापेक्षा जास्त फळ येईल याची नाही. कुणी बाटलीवर तसं लिहून देतंय का?

कृषी सेवा केंद्र, लातूर

बियाण्याच्या पिशवीवर तरी कुठं लिहून देतात, मालक?

बदनापूरचा कापूसवाला

बियाण्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. आमच्या बदनापूर केंद्राचे बीडीएन ७११ आणि गोदावरी हे तुरीचे वाण लोकांनी धरले ते कशासाठी? ७११ लवकर येतो, पाणी संपायच्या आत फुलून शेंगा भरून मोकळा होतो. ताणातून सुटायचं काम वाणानंच केलं. टॉनिकच्या एका फवाऱ्यापेक्षा बियाण्याची पिशवी बदलली तर जास्त मिळतं, हे कुणीच बोलेना म्हणून बोललो.

पाथरीचा पदवीधर

बरोबर, पण वाण बदलून झाल्यावर पुढं काय? मी बाटलीला पहिला क्रमांक देतच नाही. पाणी, वाण, जमीन, मुख्य खतं, कीड, मग बाटली. सहाव्या नंबरवर ठेवा, पण यादीतून काढू नका. काका तिला काढूनच टाकायलेत.

अंबडकर

सहाव्या नंबरची वस्तू पहिल्या नंबरच्या भावात विकता, म्हणून काढतोय. पहिले पाच ज्याचे नीट आहेत असा शेतकरी मराठवाड्यात मला दाखवा, त्याला मी स्वतः बाटली घेऊन देईन.

द्राक्षबाग (ता. तुळजापूर)

आमच्या द्राक्षवाल्यांत आहेत तसे. तुमच्याकडं बाटलीचे पैसे मागायला पाठवू का?

औसेकर

तुमचं चालू द्या. माझी अडचण आत्ताची हाय. तुरीला कळी सुटायलीय, दोन दिवस झाले आभाळ आलंय, दुकानात गेलो तर फूलवर्धक काढून ठेवलंय समोर. घेऊ का नको, एका वाक्यात सांगा.

अंबडकर

नको. पाणी असेल तर फुलोऱ्यात एक आणि शेंगा भरताना एक द्या. भेगा पडायच्या आधी. रात्री दोन किलो डीएपी भिजत घाला, सकाळी वरची निवळी गाळून शंभर लिटर पाण्यात मारा. आणि आभाळ आलंय तर कळ्यांत अळी बघा आधी, अळीचे पतंग वासानं ओढणारे कामगंध सापळे लावा. फूल गळतंय म्हणून तुम्ही टॉनिक मारता आणि खाणारी आत बसलेली असते.

पाथरीचा पदवीधर

डीएपी आणि सापळे, दोन्हीला माझं अनुमोदन. पण पाणी द्यायची सोय नसेल तर शेवाळाचा अर्क मारून बघा, रान पुरतं सुकायच्या आत, संध्याकाळी, लेबलवर लिहिलंय तेवढंच. जास्त मारलं तर उलटं होतं. बाटलीवर नोंदणी, बॅच आणि घटकांचं प्रमाण छापलेलं नसेल तर दुकानातच ठेवून या. चार ओळी सोडा न मारता.

अंबडकर

चार ओळी एका जागी नकोत. रानाची एक बाजू नेहमी चांगली असते, तिकडं जे माराल ते औषध गुणाचं वाटतं. तीन जागी सोडा, बांधालगतच्या नको. सोडलेल्या ओळींवर निवळी मारा, नुसतं औषध टाळा, नाहीतर डीएपीचं श्रेय बाटलीला जाईल. आणि फुलं-शेंगा मोजत बसू नका. मळणी वेगळी करून दाणे तोला.

औसेकर

मळणी वेगळी म्हणजे हार्वेस्टरवाला शिव्या घालणार. बरं, बडवून काढतो तेवढ्या ओळी. पण बाटली उधारीवर मिळाली तर.

कृषी सेवा केंद्र, लातूर

मिळेल. सोडलेल्या ओळींएवढंच वजन भरलं तर बाटलीचे पैसे घेत नाही. जास्त भरलं तर मागची सोयाबीनची उधारीसुद्धा त्याच दिवशी. अंबडकरांनी तोलायला यावं, काटा मी आणतो.

अंबडकर

येतो. काटा मात्र मोंढ्यातला नको.